चौदा नंबरची हार्ड डिस्क

जुने कॉम्प्युटर भंगारात देण्याआधी त्यांतली माहिती नष्ट करा, असं पत्र मुख्य कार्यालयातून आलं, तेव्हा ते फिरत फिरत माझ्याच टेबलावर येणार हे मला माहीत होतं. सातपूरच्या आमच्या कारखान्यात ज्या कामाला कुठलंच खातं नसे ते काम माझं असे. पिण्याच्या पाण्याची तपासणी, आगीच्या बादल्यांतली वाळू, गणवेशाची मापं, बसचे पास. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी टायपिस्ट म्हणून लागले आणि यादी करून काम करते एवढ्याच गुणावर प्रशासनाची बाई झाले. यादी करणाऱ्या माणसाला लोक काम देतात. त्याला ते जमतं म्हणून देतात असं नाही, तो ते लिहून घेतो म्हणून देतात.

पत्र दोन पानी होतं. नुसतं फॉरमॅट करून चालणार नाही, फॉरमॅट केलेल्या डिस्कमधूनही माहिती परत काढता येते, असं त्यात लिहिलं होतं. प्रत्येक हार्ड डिस्क बाहेर काढायची, तिच्यावर छापलेला बनवणाऱ्या कंपनीचा क्रमांक टिपायचा, आतल्या चकत्यांतून आरपार तीन भोकं पाडायची, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या आणि तसं प्रमाणपत्र पाठवायचं. कुठल्याशा शाखेतून विकलेल्या कॉम्प्युटरमध्ये सगळ्या कामगारांचे पगार आणि पत्ते तसेच राहिले होते, आणि ते विकत घेणाऱ्याने ते गावभर दाखवले होते, असं नंतर कळलं. आम्हाला हसायला काही कारण नव्हतं. ऑफिसातला पहिला कॉम्प्युटर आम्ही भंगारवाल्याला दिला तेव्हा त्याच्या आत काही राहत असेल हा विचार कुणाच्याच डोक्यात आला नव्हता. उलट मॉनिटरची काच फुटू नये म्हणून जुन्या गणवेशात गुंडाळून दिला होता.

तेवीस कॉम्प्युटर जुन्या कॅन्टीनच्या खोलीत नेऊन ठेवले होते. त्या पत्र्याच्या डब्याला आमच्याकडे सगळे सीपीयू म्हणत. मी दारापासून डाव्या हाताने सुरुवात करून प्रत्येक डब्यावर नंबराचं स्टिकर लावलं आणि यादी केली: नंबर, खातं, कोण वापरत होतं, आत काय असावं. डिस्क डब्याच्या आत, त्यामुळे तिच्यावरचा क्रमांक ती बाहेर निघाल्यावर भरायचा होता. तो रकाना रिकामा ठेवला. यादीच्या वर लिहिलं, ‘दारापासून डावीकडून क्रमाने.’ स्टिकर पडलं तर ओळीवरून कळावं आणि ओळ मोडली तर स्टिकरवरून कळावं, असा दुहेरी बंदोबस्त केला म्हणून मी खूश होते.

यादी पूर्ण झाली त्याच आठवड्यात हॅमर शॉपमधला एक कामगार माझ्याकडे अर्ज घेऊन आला.

आमचा कारखाना फोर्जिंगचा. लोखंड भट्टीत लाल करायचं आणि मोठ्या यांत्रिक घणाखाली ठोकून घडवायचं, हे काम जिथे चालतं ते हॅमर शॉप. तिथला ठोका ऑफिसात बसल्या जागी पायांना कळतो. हा गृहस्थ हरसूलकडचा, काळ्या-पिवळ्या जीपने रोज ये-जा करणारा, पंधराएक वर्षं त्याच घणाजवळ उभा राहिलेला. तो माझ्या टेबलासमोर तिरका उभा राहिला, डावा कान माझ्याकडे करून.

“बाई, उजवा गेला,” तो मोठ्याने म्हणाला. मोठ्याने बोलतोय हे त्याला कळत नव्हतं. “गेला तो गेला. ह्यो डावा राखायचा हाय. स्टोअरला बदली पायजे.”

“मग पर्सोनेलला द्या ना अर्ज.”

“काय?”

“पर्सोनेलला! अर्ज!”

“तिथूनच आलो. साहेब म्हनत्यात, लागताना कान चांगला होता हे दाखव. डॉक्टरनं लिहिलंय जुना दोष आसंल म्हून. आता म्या काय दाखवू? कान काढून दाखवू?”

शेजारच्या टेबलावरचा हजेरीचा कारकून हसला. “अरे, बायकोची बडबड ऐकू येत नसेल तर चांगलंच आहे की. आमच्याशी अदलाबदल कर.”

त्याला अर्धंच ऐकू आलं असावं, पण कारकुनाच्या चेहऱ्यावरून कळलं. “तिचं ऐकू येतं,” तो म्हणाला. “क्रेनची घंटा नाय येत. परवा क्रेन डोक्यावरून गेली, गड्यानं गचांडी धरून मागं ओढला मला.”

कारकुनाने हजेरीचं पुस्तक पुढे ओढलं.

त्याला काय हवं आहे ते मला ताबडतोब कळलं, कारण ते मीच भरलं होतं. नव्वदच्या दशकात कारखान्याच्या दवाखान्यात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा कामगारांच्या कानाच्या तपासणीची कार्डं त्यात चढवायचं काम मला मिळालं होतं. भरतीच्या वेळची तपासणी आणि मग दरवर्षीची. तेव्हा त्या खोलीत चपला बाहेर काढून जावं लागे, कॉम्प्युटरला धूळ चालत नाही म्हणून. मी कित्येक दुपारी अनवाणी बसून उजवा कान, डावा कान असे आकडे भरले. नंतर मूळ कार्डांना वाळवी लागली. ती फेकून देण्याच्या कागदावरही माझी सही आहे. शेरा माझ्याच अक्षरात: ‘माहिती संगणकात उपलब्ध.’

आता तो संगणक माझ्या यादीत चौदा नंबरला होता. त्याचा पॉवर सप्लाय जळालेला होता, त्यामुळे तो सुरू होत नव्हता. पण डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली तर आकडे वाचता आले असते. मुख्य कार्यालयाला विचारलं. उत्तर आलं की परवानगीशिवाय कसलीही प्रत काढू नये, विचार करून कळवू. पर्सोनेलचे साहेब म्हणाले, तोवर ती एक बाजूला ठेवा, बाकीच्या उरकून टाका. मी यादीत चौदासमोर लाल शाईने लिहिलं, ‘राखून ठेवणे.’

तो परत विचारायला आला तेव्हा त्याला ओरडून सांगितलं, “दसऱ्यानंतर या. तुमचे आकडे मिळतील.”

“नक्की?”

मी यादीतली लाल ओळ त्याला दाखवली. चष्मा पुढेमागे करत त्याने ती वाचली आणि मान हलवली. कारखान्यात माझ्या यादीवर लोकांचा भरवसा होता. याचं मला बरं वाटायचं, हे कबूल केलं पाहिजे.

खंडेनवमीला आमच्याकडे काम अर्धा दिवस. सकाळपासून मशीनं पुसायची, घणाला झेंडूची माळ, भट्टीच्या दारावर आंब्याचे डहाळे, नारळ, पेढे. ऑफिसात टाइपरायटरपासून फॅक्सपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू. मी त्या दिवशी मिठाईचे पुडे वाटण्यात होते. किती पुडे, कुठल्या खात्याला, सही कुणाची, हीही यादीच. जुन्या कॅन्टीनकडे मी फिरकले नाही. तिकडे जायचं काही कारणही नव्हतं.

आमचे शिपाई, ज्यांना सगळा कारखाना मामा म्हणायचा, ते मात्र तिकडे गेले होते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मुख्य कार्यालयातून एक अधिकारी आला आणि कॉलेज रोडवरच्या आमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याचा इंजिनीअर आला. अधिकाऱ्याला संध्याकाळची गाडी पकडायची होती, हे त्याने आल्याआल्या तीनदा सांगितलं. इंजिनीअरला मी यादीची प्रत दिली. जुन्या कॅन्टीनमधून डिस्का काढायच्या, प्रत्येकीवर मार्करने यादीतला नंबर टाकायचा आणि खोक्यात भरून टूल रूममध्ये आणायच्या. सकाळभर तो तेच करत होता. जेवणानंतर खोकं आलं. तेवीस डिस्का, प्रत्येकीवर सुबक अक्षरात नंबर. मी चौदा नंबरची काढून घेतली, रुमालात बांधली, माझ्या कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि बावीस डिस्का घेऊन टूल रूमच्या ड्रिल मशीनसमोर उभी राहिले.

टूल रूमचा फोरमन वयाने माझ्याएवढाच, जुना माणूस. त्याने पहिली डिस्क शिकंज्यात पकडली, उलटसुलट पाहिली.

“मॅडम, किती भोकं?”

“तीन.”

“पहिल्यातच मेली तर?”

“तरी तीन. पत्रात तीन लिहिलंय.”

“मेलेल्याला तीनदा मारायचं. चांगलं आहे. आमच्या बोनससारखं.”

अधिकारी घड्याळाकडे पाहत म्हणाला, “जरा लवकर करा, प्लीज.”

ड्रिल फिरलं. वरचा पत्रा फाटला, मग बारीक किंचाळी, मग आतल्या चकतीचा चुरा. त्या चकत्या आरशासारख्या असतात, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. एका फुटलेल्या डिस्कच्या कडेतून मला माझा चेहरा दिसला, घामेजलेला, चष्मा नाकावर घसरलेला. मी क्रमांक वाचून दाखवत होते, अधिकारी खूण करत होता, फोरमन भोकं पाडत होता. काही डिस्का सहज गेल्या, काहींनी ड्रिलच्या टोकांची वाट लावली. फोरमन दर वेळी नवं टोक लावताना माझ्याकडे बघायचा, जणू ते मी चावून मोडलं होतं. चार वाजेपर्यंत बावीस झाल्या. अधिकाऱ्याने सही केली, फोरमनने केली, मी केली. ‘नष्ट: बावीस. राखीव: एक.’ अधिकारी गाडीने निघून गेला. मी पाय लांब करून बसले आणि चहा मागवला. महिनाभर मानेवर बसलेलं काम संपलं होतं.

परवानगी आठ-दहा दिवसांनी आली. फक्त त्या एका कामगाराचे आकडे छापून घ्या, मग तीही डिस्क नष्ट करा. इंजिनीअरला बोलावलं. त्याने रुमाल सोडला, डिस्क दुसऱ्या मशीनला जोडली. ती चालू झाली तेव्हा मी अक्षरशः सुस्कारा सोडला.

“मॅडम, दवाखान्याचीच ना ही?”

“हो. का?”

“इथे तर सोमवार मटकी, मंगळवार बटाटा असं आहे.”

मी खुर्ची ओढून पाहिलं. कॅन्टीनचा कॉम्प्युटर. आठवड्याच्या भाज्या, चहाची कुपनं, गॅसचे सिलिंडर किती दिवस गेले. कितीतरी वर्षांच्या मटक्या. तो फाइली उघडत गेला, मी बघत राहिले. कानाचा एकही आकडा नव्हता. माझ्या यादीत कॅन्टीन वीस नंबरला होतं.

“तुम्ही नंबर कशावरून टाकले?” मी विचारलं.

“यादीवरून. दारापासून डावीकडून क्रमाने. तुम्हीच लिहिलं होतं.”

“आणि स्टिकर?”

“स्टिकर कुठे होते, मॅडम? एकाही डब्यावर नव्हतं. मला वाटलं तुम्ही लावलेच नसतील, म्हणून तर वर तसं लिहिलं असेल.”

मी मामांना हाक मारली. ते आले, टोपी काढून उभे राहिले. निवृत्तीला त्यांना वर्ष राहिलं होतं.

“मामा, जुन्या कॅन्टीनमधले ते डबे कुणी हलवले?”

“हलवले नाहीत मॅडम. पूजा केली.”

“कसली पूजा?”

“खंडेनवमीची. एवढी वर्षं त्यांनी काम केलं. भंगारात चालले म्हणून काय झालं, शेवटचा दसरा होता त्यांचा. आणि तसेच चिकट, धुळीचे कसे पुजायचे? रॉकेलच्या बोळ्याने पुसून काढले सगळे. कागदबिगद चिकटलेले होते तेही निघाले. मग उंचीप्रमाणे लावले. मोठे मधे, बारके कडेला. हार घातला.” ते थांबले. इंजिनीअरच्या चेहऱ्याकडे पाहिलं, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. “काही चुकलं का?”

त्यांना ओरडावं असं वाटलं, पण कशासाठी ओरडायचं? त्यांनी जे केलं ते या कारखान्यात दर वर्षी प्रत्येक जण करतो. मी स्वतः त्या दिवशी माझ्या फॅक्सला हळदकुंकू वाहिलं होतं. माझ्या टेबलावरच्या कॅलेंडरवर खंडेनवमी छापलेली होती. अधिकारी कधी येणार, इंजिनीअर कधी येणार, चहा किती जणांना, हे सगळं मी लिहिलं होतं. बाजूला ठेवलेली डिस्क बाकीच्या फोडण्याआधी एकदा जोडून पाहावी, ही एक ओळ मात्र लिहिली नव्हती. दहा मिनिटांचं काम होतं.

“भोक पडलेल्यातून काही निघेल का?” मी इंजिनीअरला विचारलं.

“संपलं, मॅडम. निघू नये म्हणूनच तर पाडतो.”

दोन दिवसांनी तो हॅमर शॉपमधला कामगार आला. पहिल्या पाळीची सुट्टी झाली होती, व्हरांड्यात लोक हजेरीच्या खिडकीशी रांगेत होते. मी काय झालं ते एका कागदावर लिहून ठेवलं होतं, हातात द्यायला. त्याने कागद घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि परत दिला.

“चष्मा घरी राहिला. तोंडी सांगा.”

हळू आवाजात सांगण्याची सोय नव्हती. अशी गोष्ट माणूस बाजूला घेऊन सांगतो, खाली बघत सांगतो. मला ती त्याच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगावी लागली.

“तुमचे आकडे गेले!”

“कुठं?”

“डिस्क फोडली! चुकून! दुसरीच ठेवली!”

रांगेतली बोलणी थांबली. हजेरीच्या खिडकीतून कारकून वाकून बघायला लागला.

“कुणी फोडली?”

“मी! माझी चूक झाली!”

‘चूक झाली’ हे शब्द मी आयुष्यात इतक्या मोठ्याने कधी उच्चारले नव्हते. नंतरही नाहीत. व्हरांड्याच्या त्या टोकाला भिंतीवर आपटून ते परत आल्यासारखे वाटले.

त्याने टूल रूमच्या दिशेने पाहिलं. मग म्हणाला, “त्या दिवशी टूल रूमला डिरिल चाललं होतं, तेच का?”

मी मान हलवली.

“म्या तिथंच भायेर बसून च्या पीत होतो.” तो थोडा हसला, पण त्याचं लक्ष हसण्यात नव्हतं. “बाई, तुमच्या तर यादीत होतं ना?”

“होतं!”

“मग?”

त्याने हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेतली. “जीप जाईल,” म्हणाला आणि निघाला. फाटकापाशी एका सायकलवाल्याने घंटी वाजवली. त्याने मागे पाहिलं नाही. सायकलवाला शिव्या देत बाजूने गेला.

मला त्या रात्री झोप लागली आणि याचंच सकाळी वाईट वाटलं. पण सकाळी डोकं चाललं. आकडे गेले होते, पण आकड्यांवरून काय करायचं त्याचा नियम कुठेतरी होता. मी जुन्या फायलींच्या कपाटात दोन दिवस काढले. धुळीने नाक चोंदलं. तिसऱ्या दिवशी जुन्या डॉक्टरांचं परिपत्रक सापडलं, माझंच टाइप केलेलं. भरतीच्या वेळी ज्याच्या कानात दोष आढळेल त्याच्या नावापुढे तारा काढावा आणि तारा असलेल्याला हॅमर शॉपला पाठवू नये. त्या काळच्या भरतीच्या याद्याही होत्या, कारण त्या कागदावर होत्या आणि कुणी त्या संगणकात चढवल्या नव्हत्या. त्याच्या नावापुढे तारा नव्हता. पुढे खातं लिहिलं होतं, हॅमर शॉप.

मी एक पानाचा जबाब लिहिला. भरतीच्या वेळचे त्यांचे आकडे मी स्वतः भरले होते. नियमाप्रमाणे दोष असता तर त्यांना हॅमर शॉपला नेमलं नसतं, सोबत परिपत्रक आणि यादी. ते आकडे आता उपलब्ध नाहीत, कारण ती डिस्क माझ्या देखरेखीखाली चुकीने नष्ट झाली. मामांचं नाव लिहिलं नाही. त्यांनी पुसले ते डबे. डिस्क जोडून न पाहता सही मी केली होती.

पर्सोनेलच्या साहेबांनी पान दोनदा वाचलं.

“हे असं लिहून देऊ नका. तुमच्या फायलीला लागेल.”

“लागू दे.”

“तुम्ही स्वतःच्या विरुद्ध लिहून देताय, कळतंय ना?”

“विरुद्ध नाही, साहेब. जे झालं ते लिहिलंय.”

“त्याला काही तुम्ही बहिरा केलेला नाही.”

“नाही. पण तो बहिरा कुठे झाला ते कळण्याची एक जागा होती, ती मी फोडली.”

त्यांनी पेनचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. “ठेवा,” म्हणाले. “बघतो.”

ते बघण्यात हिवाळा गेला. मला मुख्य कार्यालयातून मेमो आला, तो मी माझ्या फायलीला क्रमाने लावला. कागद डॉक्टरांकडे गेला, डॉक्टरांनी शेरा बदलायला नकार दिला, मग नवीन तपासणी करा असं ठरलं, मग तपासणीचं मशीन दुरुस्तीला गेलं. मी दर सोमवारी साहेबांच्या दारात उभी राहायचे. मला बघूनच ते म्हणायचे, “आहे, आहे लक्षात.” तोवर तो हॅमर शॉपलाच होता. मी त्याला कानात घालायचे बोळे स्टोअरमधून काढून दिले. ते घातले की उरलेलंही ऐकू येत नाही, म्हणून तो ते खिशात ठेवायचा. मी दिसले की खिशावर हात ठेवून दाखवायचा, आहेत म्हणून. मला तिकडे जाणं नकोसं झालं होतं, पण बादल्यांतली वाळू तपासायला जावंच लागे.

द्राक्षांचा हंगाम संपताना नवीन तपासणी झाली. डावा कान उतरला होता. किती उतरला ते कशाशी ताडून पाहायचं हा प्रश्न डॉक्टरांनाही पडला, आणि मला वाटतं त्यानेच शेवटी काम झालं. आधीचा आकडा कंपनीने हरवला आहे, तेव्हा शंकेचा फायदा कामगाराला, असं साहेबांनी टिपणावर लिहिलं आणि बदलीची ऑर्डर निघाली. त्यानंतर तपासणीचे आकडे छापून एक प्रत कामगाराच्या हातात द्यायची आणि त्याची सही घ्यायची, असं मी सुरू केलं. कुणी सांगितलं नव्हतं. काही जण ती प्रत व्हरांड्यातच टाकून जात. मी गोळा करून परत देई.

बदलीनंतर महिन्याभराने मी स्टोअरला गेले. तो नटबोल्टांच्या मांडणीपाशी स्टुलावर बसून डब्यांवर चिठ्ठ्या डकवत होता. जागा शांत, थंड, एका बाजूला खिडकी. मला वाटलं, आता तरी बरं असेल.

“कसं चाललंय?” मी ओरडले.

“बरं हाय.” मग त्याने डोकं हलवलं. “बरं नाय, बाई. कानात शिट्टी वाजती. कुकरची वाजती ना, तशी. थांबतच नाय.”

“कधीपासून?”

“लय आधीपासून आसंल. तिकडं घणात कळायची नाय. हितं शांत हाय ना, दिवसभर तीच ऐकत बसतो.” तो मांडणीकडे बघत होता. “शांत जागा मागितली म्याच. आता म्हनतो, इथं कुणी तरी ठोका रे काहीतरी.”

मी डॉक्टरांना विचारलं. ही शिट्टी जात नाही, म्हणाले. शेजारी कसला तरी बारीक आवाज चालू असला की तिच्याकडे लक्ष कमी जातं, एवढंच. त्या आठवड्यात माझ्यापुढे भंगाराची नवी यादी होती, यंत्रं सोडून बाकी सामानाची. त्यात हजेरी खात्यातला एक टेबल फॅन होता. कारण मीच लिहिलं होतं: ‘खडखड आवाज करतो.’ मी ती ओळ खोडली, शेजारी सही केली आणि फॅन स्टोअरला पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम पाहायला गेले. फॅन त्याच्या स्टुलाशेजारच्या पेटीवर, तोंड भिंतीकडे करून ठेवला होता. वारा त्याला नको होता. पाती जाळीला घासत होती, अंगावर शहारा यावा अशी.

“चालतोय का?” मी विचारलं.

“चालतंय,” तो म्हणाला. “पन बाई, मेंटेनन्सवाल्यांना सांगून ठेवा. कुणी याला तेल देऊ नका.”